तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्यात खून का करत नाही?

फोंड्यात, म्हापशात, कुठेही वाचकांच्या बैठकीला गेलं की चहा यायच्या आत कोणीतरी विचारतंच, तुमच्या कथांतले सगळे खून पुण्यात नाहीतर मुंबईत होतात, राहता गोव्यात, मग इथली एखादी दणदणीत मर्डर मिस्ट्री का लिहीत नाही, गोव्यात काय मसाला कमी आहे का! कमी कुठला, उलट उतू चाललाय. पण दोन वाक्यांत उत्तर दिलं की लोकांना वाटतं टाळतेय, म्हणून आज जरा सविस्तर, आणि त्यासाठी आधी एका अमेरिकन बाईंची गोष्ट सांगावी लागेल.

डॉना लिऑन, रहस्यकथा लिहिणाऱ्या. जन्म 1942 चा, न्यू जर्सीतला. पोटापाण्यासाठी इंग्रजी शिकवत बाई इराण, चीन, सौदी अशा हिंडल्या, जेन ऑस्टिनवर पीएचडी करत होत्या ती इराणच्या क्रांतीच्या धामधुमीत कागदपत्रं गेली आणि राहिली ती राहिलीच, आणि 1981 मध्ये त्या व्हेनिसला येऊन स्थिरावल्या. नोकरी काय, तर तिथून जवळच्या अमेरिकन लष्करी तळावर सैनिकांना इंग्रजी साहित्य शिकवायचं. पन्नाशी आली तरी नावावर एक कादंबरी नाही.

मग एकदा ला फेनिचे नावाच्या तिथल्या जुन्या ऑपेरागृहात पडद्यामागे मित्रमंडळींच्या गप्पा रंगल्या, एका बड्या कंडक्टरच्या, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या, नावाने बोटं मोडणं चाललं होतं, आणि बोलता बोलता गाडी याला मारायचं झालं तर कसं मारायचं इथवर आली. बाकीचे हसून घरी गेले, बाईंनी घरी जाऊन लिहायला घेतलं. मध्यंतर संपतं, लोक येऊन बसतात, वादक तयार, आणि कंडक्टर काही येत नाही. तो आपल्या खोलीत मरून पडलाय, कॉफीत सायनाइड. हस्तलिखित तसंच पडून होतं, कुणीतरी भरीला घातलं म्हणून जपानच्या सन्टोरी स्पर्धेला पाठवलं तर बक्षीसच मिळालं, 1992 मध्ये पुस्तक आलं, आणि तेव्हापासून साधारण दर वर्षाला एक या हिशेबाने पुस्तकांनी तिशी कधीच ओलांडली. (गंमत पुढेच आहे, 1996 मध्ये ते ऑपेरागृह खरोखर जळून गेलं आणि दोषी ठरले तिथेच काम करणारे दोन इलेक्ट्रिशियन, काम वेळेत होत नव्हतं, दंड बसेल म्हणून आग लावली. हे कथेत लिहिलं असतं तर संपादकाने कारण फारच किरकोळ वाटतंय म्हणून परत पाठवलं असतं.)

त्यांच्या कादंबऱ्यांतला पोलिस अधिकारी ब्रुनेत्ती मला एवढा जवळचा का वाटतो सांगू? तो दुपारी घरी जेवायला जातो. खून झालाय, वरिष्ठ ओरडतोय, पण दुपार झाली की साहेब पुलावरून पूल ओलांडत घरी. बायको विद्यापीठात इंग्रजी शिकवते, उमरावाच्या घरातली, दोन पोरं वाद घालतायत, टेबलावर मासे, आणि जेवता जेवता त्याला कळतं की ज्याच्यावर संशय आहे तो सासऱ्यांच्या ओळखीतला. पुण्यामुंबईच्या वाचकाला हे लाडावलेलं वाटत असेल, पणजीत सरकारी ऑफिसातून नुस्तेंशीत, म्हणजे मासे-भात, जेवायला घरी जाणाऱ्या माणसाला त्यात काही समजावून सांगायची गरज नाही. आणि सासऱ्यांच्या ओळखीचं तर नाहीच नाही.

शेवट मात्र कडू असतात. खुनी कोण ते कळतं, पुरावाही असतो, पण माणूस मंत्र्याच्या नाहीतर बँकेच्या नाहीतर कुठल्या घराण्याच्या आडोशाला असतो आणि फाइल बंद होते. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या माझ्यासारखीला हे सुरुवातीला पचेना, त्यांचा झुंजार असा हात हलवत परत आला असता का! आता मात्र मला तेच खरं वाटतं.

आता मुद्द्याची गोष्ट. या पुस्तकांचे कितीतरी भाषांत अनुवाद झालेत, जर्मनीत तर असं वेड की तिथल्या टीव्हीवर 2000 ते 2019 मध्ये 26 भाग आले, जर्मन नट व्हेनिसच्या गल्ल्यांतून जर्मन बोलत हिंडतायत. पण इटालियनमध्ये? नाही. बाईंनी परवानगीच दिली नाही. जिथे राहते तिथे प्रसिद्ध व्हायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ज्या शहराची सगळी पापं त्यांनी जगाला सांगितली, त्या शहरातला भाजीवाला आपल्या भाषेत त्यातलं पान वाचू शकत नाही. मला याचा भयंकर हेवा वाटतो आणि तेवढंच खटकतंही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनाच उलटून बोलायची सोय ठेवली नाही. बाहेरच्या माणसाला जास्त दिसतं वगैरे जे म्हणतात ते मला पटत नाही. तसं असतं तर आसगावात घर घेऊन दुसऱ्या पावसाळ्यात गोव्यावर लिहायला बसणाऱ्यांची पुस्तकं वाचता तरी आली असती. बाईंना दिसलं कारण त्या तीसेक वर्षं तिथल्याच बाजारात मासे घेत राहिल्या. लिहिता आलं ते मात्र या इटालियनच्या कुलपामुळे, असं माझं मत.

आता माझं बघा. मी लिहिणार मराठीत, दिवाळी अंकात, जो फोंड्यातल्या वाचनालयात पाच हातांतून फिरणार. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची वस्ती 14 लाख 58 हजार, त्यातही ओळखीपाळखी काढत गेलं की तिसऱ्या माणसापाशी नातं निघतं. समजा जमिनीवरून खून घेतला, आणि इथे घ्यायचा तर तोच घ्यायला हवा, बीचवरच्या ड्रग्जचं जरा पुरे आता. वारस लिस्बनला नाहीतर लंडनला, घराला कुलूप, आणि कोणीतरी जुन्या पोर्तुगीज काळच्या दस्तांत बनावट विक्रीखत घुसवतं, मग एक-चौदाच्या, म्हणजे इथल्या सातबाराच्या, उताऱ्यावर हळूच नवं नाव चढतं. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही, या प्रकारांसाठी 2022 मध्ये सरकारला एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमावी लागली, पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग. कथानक आयतं आहे! पण त्यात कारकून आला, नोटरी आला, पंचायतीचा पंच आला, आणि अंक बाहेर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी मार्केटात मला कोणीतरी गाठणार, काय गो, तो नोटरी म्हणजे आमचो भावजीच न्हय? मी कितीही सांगितलं की काल्पनिक आहे, पुढच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्या घरून बोलावणं यायचं नाही. कोर्टाबिर्टाची भीती नाही हो मला, चवथीची आहे.

तुम्ही म्हणाल मग इंग्रजीत लिही. इंग्रजी तर इथे पुष्कळ लोक वाचतात, उलट अजून दोन वाडे नाराज होतील.

बाईंनीही शेवटी व्हेनिस सोडलंच म्हणा, पर्यटकांच्या लोंढ्याला कंटाळून. स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगराळ गावात राहतात, 2020 मध्ये तिथलं नागरिकत्वही घेतलं, व्हेनिसला जाऊनयेऊन असतात. जुन्या शहरात आता 50 हजारही माणसं उरली नाहीत आणि 2024 मध्ये गर्दीच्या ठराविक दिवशी नुसतं फिरून जाणाऱ्यांकडून 5 युरो घ्यायला सुरुवात झाली. कळंगुटवाल्यांना हे वाचून काय वाटेल ते मी लिहायला नको. बाईंच्या अलीकडच्या पुस्तकांत खून जरा नावापुरता उरलाय असं मला वाटतं, पण जेवण अजून छान असतं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे, पूर्ण नाही असं नाही. सध्या एक लिहितेय. खून कोल्हापुरात होतो, पण मेलेल्याच्या पाकिटात गोव्याच्या बार्देश तालुक्यातल्या जमिनीचा उतारा सापडतो आणि कोल्हापूरच्या इन्स्पेक्टरला झक मारत गोव्यात यावं लागतं. तो बाहेरचा, त्यामुळे त्याला कोणालाही काहीही विचारता येतं. चार प्रकरणं झालीत. फक्त मामलेदाराचं पात्र अडलंय, आमच्या नात्यात किंवा शेजारात नसलेलं एखादं गोव्यातलं आडनाव कोणाला सुचत असेल तर कळवा.