पुसान

काका पहिल्या दिवसापासून "पुसान"च म्हणत होते. योकोहामाला जहाजात चढायच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत माझं ब्रीफिंग चाललेलं, तेव्हा त्यांनी हात वर करून विचारलं, "पोरी, पुसानला किती वेळ आहे?" आणि मागून दोघातिघांनी एकदम दुरुस्त केलं, बुसान, काका, बुसान. मीही केलं. २००० सालापर्यंत नकाशांवर कोरियाच्या या बंदराचं नाव इंग्रजीत पुसानच लिहायचे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी टूर मॅनेजर, अकरा वर्षं झाली. मार्चचा शेवट आला की माझी जपान-कोरियाची क्रूझ ठरलेली. यावेळी चौतीस माणसं होती, पुणे, सातारा, ठाणे, बहुतेक साठीच्या पुढची. जपान बघायला निघालेलं जहाज मधेच कोरियाला कशाला जातं, असं प्रत्येक ग्रुपमध्ये कोणीतरी विचारतंच. परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसतं जपानच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी फिरवायला परवानगी नसते, मधे एखादं परदेशी बंदर घ्यावं लागतं, म्हणून बुसान. आणि बुसानला गेलात की तुम्ही जपान सोडलंत, दुसऱ्या दिवशी नागासाकीला पुन्हा नव्याने एन्ट्री, त्यामुळे आपल्या पासपोर्टवाल्यांना जपानचा व्हिसा सिंगल एन्ट्रीचा घेऊन चालत नाही. व्हिसाच्या फाईली लावतानाच माझे दोन आठवडे जातात.

काकांनी मला दोनदा विचारलं. एकदा लॉबीत, सगळे पांगल्यावर, की तिथं कोरियन युद्धात गेलेल्या युनोच्या सैनिकांचं कबरस्तान आहे, तिथं वाटेत थोडं थांबता येईल का. मी म्हणाले काका, आयटिनररीत नाहीये. दुसऱ्यांदा कोबे सोडल्यावर सी-डेला, म्हणजे जहाज दिवसभर समुद्रातच असतं त्या दिवशी, डेकवर चहा घेत असताना. "वीस मिनिटं पण नाही का?" मी हसून म्हणाले बघू. हे "बघू" मी दिवसातून पन्नास वेळा म्हणते आणि त्याचा अर्थ नाही असाच असतो, हे म्हणणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. का जायचंय, हे मी एकदाही विचारलं नाही.

बुसानचा दिवस असा होता. सकाळी समुद्राकाठचं हेदोंग योंगगुंगसा मंदिर, तिथे एकशे आठ पायऱ्या, त्यामुळे गुडघेवाल्यांना वरच बसवायचं. मग भारतीय जेवण, मग जगालचीचा मासळी बाजार, आणि तीन ते पावणेचार ड्युटी फ्री. ऑल अबोर्ड, म्हणजे सगळे जहाजावर परत, साडेपाच, जहाज सहाला सुटणार. यातला ड्युटी फ्रीचा पाऊण तास मला कधीच पटलेला नाही. ज्यांनी हा कार्यक्रम आखला ते कधी धक्क्यावर उभे राहिलेले नाहीत, दुकानात माणसं नेली की दुकान काहीतरी देतं आणि कबरस्तानाला तिकीटच नाही, मग ते आयटिनररीत कशाला येईल? हे मी ऑफिसात तोंडावर बोललेय, इथेही बोलते.

आणखी एक गोष्ट. जहाज कंपनीची शोअर एक्सकर्शन, म्हणजे बंदरावरची सहल, घेतली आणि बसला उशीर झाला तर जहाज शक्यतो थांबतं. आम्ही बाहेरची बस घेतो, स्वस्त पडते, पण मग जहाज आपल्यासाठी थांबत नाही. तुमच्या केबिनमधला सेफ उघडून पासपोर्ट काढतात, पोर्ट एजंटच्या हातात देतात आणि दोर सोडतात. त्यामुळे हेडकाउंट म्हणजे माझा श्वास आहे. आणि कार्ड. प्रत्येकाच्या गळ्यातल्या पाऊचमध्ये मी त्या त्या बंदराचं लॅमिनेट केलेलं कार्ड घालते, स्थानिक भाषेत, जहाजाचं नाव, कुठला धक्का, किती वाजता परत, एजंटचा नंबर. बुसानला क्रूझ लागायच्या दोन जागा आहेत, एक स्टेशनजवळ आणि एक योंगदो बेटावर, टॅक्सीवाल्याला नुसतं "क्रूझ" म्हणालात तर तो भलतीकडे नेऊ शकतो, म्हणून कार्डावर योंगदो मोठ्या अक्षरात. कोरियन मजकूर आमच्या तिथल्या गाईडकडून दोनदा तपासून घेतलेला. गूगल मॅप्स तिथे रस्ता नीट दाखवत नाही, नेव्हर नावाचं त्यांचं ॲप लागतं, ते आमच्या लोकांना कुठून जमणार, म्हणून कार्डच. या कार्डाचा मला अभिमान आहे.

पावणेचारला बसमध्ये तेहतीस.

काकू खिडकीशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "जाऊन येतो म्हणाले, मला वाटलं बाथरूमला." मी खाली उतरले, दोन्ही मजले पाहिले, वर आले. फोन बंद. बसमध्ये कुजबुज सुरू झाली, एकजण म्हणाला आमचा जहाजावरचा चहा जाईल, दुसऱ्या बाई काकूंनाच बोलायला लागल्या की सांभाळता येत नाही तर आणायचं कशाला. मला फार राग आला पण वेळ नव्हता. मग काकू हळूच म्हणाल्या, "ते तिथंच गेले असणार. तुम्हाला दोनदा विचारलं होतं ना त्यांनी? तिसऱ्यांदा ते कुणालाच विचारत नाहीत."

आमची लोकल गाईड, वय जेमतेम तीस, तिच्याइतकी डोकं शांत असलेली माणसं मी या धंद्यात फार कमी पाहिलीत. तिने लगेच कबरस्तानाच्या ऑफिसला फोन लावला, एक वयस्कर भारतीय गृहस्थ, मरून स्वेटर, आहेत का बघा. होते. ती बस घेऊन जहाजाकडे गेली, मी टॅक्सीने उलट्या बाजूला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, पूर्ण फुललेला, ज्यासाठी माझे लोक लाखो रुपये भरून आलेले, आणि मी मीटर आणि घड्याळ सोडून कुठेच बघितलं नाही.

पोचले तेव्हा साडेचारला पाच मिनिटं होती. १९५१ मध्ये, लढाई चालू असतानाच केलेली ही जागा आहे, दोन हजार तीनशेच्या आसपास माणसं तिथे पुरलीत, पण बघताना ते दडपण येत नाही, इतकं हिरवं आणि नीट ठेवलेलं. काका झेंड्यांच्या रांगेसमोर उभे होते. रांगेत आपला तिरंगा. मी धापा टाकत म्हणाले, काका, जहाज सुटेल. त्यांनी पाऊचमधून माझं कार्ड काढून दाखवलं. "हरवलो नव्हतो पोरी. पाच वाजता निघणार होतो. तुझं कार्ड होतं की."

मग म्हणाले, "दहा मिनिटं दे."

दिली. त्या दहा मिनिटांत त्यांनी काहीच केलं नाही, फोटोही नाही. सावधान उभे राहिले, हात पँटच्या शिवणीला. शेवटी खिशातून प्लॅस्टिकमध्ये ठेवलेलं एक पत्र काढलं, उघडलं नाही, नुसतं हातात धरलं आणि परत ठेवलं.

टॅक्सीत त्यांनी सांगितलं. वडील ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्समध्ये नर्सिंग असिस्टंट. आपण कोरियाला लढणारी फौज पाठवली नव्हती, हे वैद्यकीय पथक पाठवलं होतं, नोव्हेंबर १९५० मध्ये ते याच बंदरात उतरलं, तेव्हा काका तीन वर्षांचे. घरी आलेल्या पहिल्या पत्रावर पुसान होतं. प्याँगयांगहून सगळे माघार घेत होते तेव्हा या पथकाकडे गाड्या नव्हत्या आणि औषधं, सामान टाकून जायला त्यांचं मन होईना, तर त्यांनी एक वाफेचं इंजिन शोधलं, हातोहात बादल्यांनी त्यात पाणी भरलं आणि आगगाडी स्वतः चालवत बाहेर काढली. "बापू एवढंच सांगायचे, बादल्यांचं. बाकी कोरिया म्हटलं की उठून अंगणात जायचे." मी नंतर वाचलं, प्रमुख लेफ्टनंट कर्नल रंगराज होते, मार्च १९५१ मध्ये अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर मुनसानला त्यांनी स्वतः उडी घेतली होती, महावीर चक्र मिळालं. त्या टॅक्सीत बसेपर्यंत मला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं, आणि बुसानला माझी ही चौथी खेप.

बंदराच्या पुलावरून योंगदोकडे उतरताना रस्ता गोल गोल फिरत खाली येतो, तिथून जहाज दिसलं तेव्हा कुठे माझे हात सैल झाले. पाचच्या आतच आम्ही धक्क्यावर होतो. कबरस्तान ते जहाज, वीस मिनिटंसुद्धा लागली नव्हती. गँगवेवर, जहाजात चढायच्या शिडीपाशी, गोव्याचा सिक्युरिटीवाला होता, गाईडने त्याला कळवून ठेवलं होतं, त्याने काकांचं जहाजाचं कार्ड स्कॅन केलं आणि काही न विचारता त्यांचा हात धरून आत घेतलं. काकू लिफ्टपाशी उभ्या. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, काकूंनी त्यांच्या स्वेटरवरची पाकळी काढली आणि जेवायला गेले.

मी मात्र त्या रात्री केबिनमध्ये बसून हिशोब मांडत होते. ड्युटी फ्रीतून वीस मिनिटं काढली असती तर सगळा ग्रुप तिथे गेला असता. दुसरीकडे हेही खरं की काकांना तिथे चक्कर आली असती, टॅक्सी मिळाली नसती, तर काकू एकट्या नागासाकीला, मला काकांबरोबर मागे राहावं लागलं असतं, मग फुकुओकाचं विमान, तिथून रेल्वे, आणि बाकीची बत्तीस माणसं टूर मॅनेजरशिवाय. नियम मी उगाच केलेले नाहीत. पण त्यांनी मला विचारलं होतं. हे दोन्ही माझ्या डोक्यात अजून शेजारी शेजारी बसलंय.

ऑफिसला घटना अहवाल द्यावा लागतो, त्यात कारण लिहायला एकच ओळ असते. मी लिहिलं, "गेस्टने टूर मॅनेजरला आधी दोनदा विचारलं होतं." परवा ऑफिसातून फोन आला, हे असं नको, "गेस्ट न सांगता ग्रुप सोडून गेले" एवढंच लिहा. मी अजून बदललेलं नाही.