पाणी नाही, मग पेटत नाही का?

"काय ओ, ह्याला रेडिएटर नाही म्हणे? मग घाटात पेटत नाही का?"

जांबोटीच्या टपरीवर चहा ओतणाऱ्यापासून बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवाल्यापर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय. माझी व्हॅन १९७३ची फोक्सवॅगन. १६०० सीसीचं इंजिन पाठीमागं, आडवे चार सिलिंडर, थंड करायला फक्त वारा. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पेटू शकते. पण वाऱ्यामुळं नाही, नळीमुळं.

गरम होऊन इंजिन जाम होतं, खिसा रिकामा होतो, पण ज्वाळा निघत नाहीत. ज्वाळेला पेट्रोल लागतं. ह्या गाडीत टाकी इंजिनाच्या पुढच्याच पत्र्याआड, आणि तीही वरच्या अंगाला. नळी फुटली की किल्ली बंद केली तरी पेट्रोल आपल्या वजनानं येतच राहतं.

एकदा पावसाळ्यात चोर्ला घाट चढून येताना कणकुंबीच्या अलीकडं वास आला. शेजारी बसलेला मित्र म्हणाला, "जुनी गाडी हाय, वास येणारच की." मला राहवेना. बाजूला घेतली, मागचं झाकण उघडलं. पंपाला जाणारी नळी वरून अगदी झकास, कापडी विणीची, काळी कुळकुळीत. क्लिपजवळ चिमटीत धरली तर बोटं ओली. घरी आल्यावर कापून उभी चिरली, तेव्हा आतलं रबर उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखं भेगाळलेलं. आणि तिथून वीतभरावर प्लगांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर ठिणग्या पाडत होता! ही नळी दोनच वर्षांपूर्वी एका दुकानातून "पेट्रोलचीच हाय" म्हणून घेतलेली.

पेट्रोलचीच असेल, पण कुठल्या काळातल्या पेट्रोलची? आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं येतं. आमचा जिल्हा उसाचा. कारखान्यांच्या धुराड्यांखाली वाढलेल्या माणसानं इथेनॉलला नावं ठेवू नयेत, पण जुन्या पद्धतीच्या रबराला ते मानवत नाही हे खरं. तेव्हापासून मी अंगावर 'एसएई जे३० आर९' हा दर्जाचा शिक्का छापलेलीच नळी घेतो आणि दर दसऱ्याच्या तोंडावर सगळी बदलतो, चांगली दिसत असली तरी. कापडी विणीची तर घेतच नाही, भेग दिसत नाही तिच्यात. पत्र्यातून नळी आरपार जाते तिथला रबरी बूच बघतो. तो नसेल तर पत्र्याची धार नळी कापते. कार्बोरेटरच्या तोंडाशी पितळेची छोटी नळी नुसती दाबून बसवलेली असते; तिला हातानं हलवून बघतो. हलली तर गाडी हलवायची नाही. आणि पेट्रोलचा काचेचा फिल्टर इंजिनावर लटकवलेला दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. दिसायला छान असतो, एवढंच.

आता वाऱ्याचं. पंखा डायनामोच्याच दांड्यावर बसलेला असतो, त्याला फिरवतो एकच पट्टा. म्हणून डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा लागला की पुढच्या गावापर्यंत रेटायचं नाही, तिथंच थांबायचं. पट्टा तुटलेला असू शकतो. अंगठ्यानं दाबल्यावर तो साधारण १५ मिलिमीटर आत गेला पाहिजे. इंजिनाच्या कडेनं फिरणारी रबरी पट्टी लोक फाटली की काढून टाकतात. खालची तापलेली हवा वर येऊ नये म्हणून ती असते. ती गेली की पंखा तीच गरम हवा पुन्हा ओढतो. कॉटन वेस्टचा बोळाही आत विसरायचा नाही, पंखा तोही ओढतो.

आमचा मिस्त्री बैलहोंगलकडचा. मराठी बोलतो, पण महत्त्वाचं कन्नडमध्येच. पहिल्याच दिवशी इंजिनाच्या पोटाला टिचकी मारून म्हणाला, "बेंकी हत्तिदरं नीर ब्याड री, मण्ण हाक्रि." आग लागली तर पाणी नको, माती टाका. हा खोका मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. एकदा पेटला की पाण्यानं आणखी भडकतो. दोन किलोचं पावडरचं अग्निशामक सिलिंडर मी ड्रायव्हरच्या सीटपाशी ठेवतो. मागं ठेवलं तर नेमकं आगीच्या पलीकडं राहतं. आणि धूर दिसला तर झाकण सताड उघडायचं नाही, हवा मिळते. फटीतून मारायचं, आणि माणसं आधी उतरवायची.

खंडेनवमीला आई हळदकुंकू, नारळ, कापूर घेऊन येते. पूर्वी इंजिनाचं झाकण उघडून ओवाळायची. नळ्या बदलताना सांडलेल्या पेट्रोलचा वास अजून अंगणात असतो हो! आता ठरलंय, कापूर पुढच्या दिव्यांपाशी. तिला ते पटायला वेळ लागला नाही. बाकीच्या सगळ्या गाड्यांना ती पुढूनच ओवाळते, ह्या एकीचं इंजिन मागं का, हेच तिला अजून पटलेलं नाही.