अलिबागच्या किनाऱ्यावरील बिनलोखंडी घर

शनिवारी मांडव्याच्या लाँचमध्ये झालेली चेंगराचेंगरी आणि लॉजवाल्याने सुट्टीचा दिवस पाहून सांगितलेले खोलीचे भाडे यांविषयी न लिहिलेलेच बरे. ओहोटी साधून कुलाबा किल्ल्याकडे निघालेल्या झुंडीच्या झुंडी इथल्या चुंबकीय वेधशाळेकडे ढुंकूनही पाहत नाहीत, याचा मात्र मला मनापासून राग आला.

परवानगी आधीच काढलेली होती. किल्ल्या, मोबाइल आणि बक्कल असलेला कमरेचा पट्टा बाहेर ठेवून मगच आत जाता आले, कारण उपकरणांची ती पोरबंदरी दगडाची इमारत लोखंड कटाक्षाने टाळून बांधलेली आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे इथले हे काम मुळात मुंबईच्या कुलाब्यात 1841 पासून चाले. शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने मोजमापे बिघडणार हे ओळखून वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत 1904 मध्ये ते अलिबागला आणले गेले आणि 1906 पर्यंत दोन्हीकडच्या नोंदी समांतर चालू ठेवण्यात आल्या.

मी खिळून राहिलो तो चुंबकीय वादळाच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उडालेल्या खळबळीच्या, एका आलेखापाशी. तो दाखवणाऱ्या गृहस्थांनी रेषेवर पेन्सिलीचे टोक टेकवले आणि म्हणाले, ‘‘इथे पाहा, आधी ती वर उडते.’’ सूर्याकडून सेकंदाला साधारण 400 किलोमीटर वेगाने विद्युतभारित कणांचा वारा अखंड वाहत असतो आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र एरवी त्याला सूर्याच्या बाजूस सुमारे 65,000 किलोमीटरवर थोपवून धरते, तर रात्रीच्या बाजूस त्याच क्षेत्राची शेपटी चंद्राच्या कक्षेपलीकडे ताणली जाते. सूर्यावरील उद्रेकानंतर वाऱ्याचा जोरदार धक्का बसला की समोरची बाजू दाबली जाते. रेषेची ती उसळी या दाबाची.

त्यानंतर रेषा कोसळते. वाऱ्यासोबत आलेल्या क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असेल, तर पृथ्वीच्या उत्तराभिमुख क्षेत्ररेषा त्याच्याशी जोडल्या जातात, ऊर्जा आत शिरते आणि विषुववृत्ताभोवती हजारो किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडे वाहणारा वलयप्रवाह बळावतो. या प्रवाहाचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या विरुद्ध असल्यामुळे अलिबागसारख्या ठिकाणी क्षेत्राचा जमिनीला समांतर असा आडवा घटक घटतो आणि पूर्ववत व्हायला कित्येक दिवस लागतात. ध्रुवीय प्रकाशासाठी लोक लाखो रुपये खर्चून नॉर्वेला जातात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण वादळाची ताकद मोजायची तर ती विषुववृत्ताच्या आसपासच्या अशाच बिनझगमगाटी ठिकाणांवरून मोजतात. मे 2024 च्या वादळात लडाखमधील हानलेच्या कॅमेऱ्यांनी याच प्रकाशाने तांबडे झालेले आकाश टिपले, तेव्हा त्याचे फोटो सगळीकडे फिरले. असल्या आलेखाचा फोटो कोण कशाला फिरवील?

सर्वांत मोठी घसरण मुंबईतल्या कुलाब्याच्या जुन्या नोंदींत आहे. 1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने सूर्यडागांपाशी लखलखाट पाहिला आणि अठरा तासांच्या आत वादळ येऊन थडकले. युरोपात छायाचित्रण पद्धतीने उमटणाऱ्या रेषा कागदाबाहेर गेल्या. कुलाब्यात मात्र कर्मचारी छोट्या दुर्बिणीतून पट्टीवरचे आकडे स्वतः वाचून वहीत उतरवत होते, त्यामुळे सुमारे 1600 नॅनोटेस्लांची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) ती घसरण आज आकड्यांत सांगता येते.