पाणी पिण्याआधी बाथरूमचं बघावं लागतं

बुधवार, रात्री साडेदहा

ओटा आवरून झालाय, पिल्लू झोपलंय, आणि हे आज लिहायचंच असं डोक्यात होतं म्हणून बसलेय. पाणी जास्त प्यायची सवय मला आता लागलीये असं म्हणता येईल. आजसुद्धा जेवणाच्या सुट्टीच्या आतच बाटली संपली आणि परत भरून आणली. पण ती कशी लागली ते लिहून ठेवायचंय, कारण सगळीकडे तेच सांगतात, मोबाईलवर रिमाइंडर लावा, रेघा असलेली बाटली घ्या, आणि माझं त्यातल्या कशानेच काही झालं नसतं.

मी बदलापूरहून फोर्टला जाते. आधी रिक्षा, मग दीड तास गाडी, मग चालणं, आणि लोकलमध्ये बाथरूम नसतं. त्यामुळे सकाळी चहा सोडून पोटात काही ओलं जायचंच नाही. हे काही माझं एकटीचं नाहीये, लेडीज डब्यात कुणालाही विचारा, बहुतेक जणी हेच करतात. एसटीने आजोळी जायचो तेव्हा आई पण म्हणायची, आता पाणी पिऊ नको गं, मधे गाडी थांबत नाही. तहान मारायला आपण बायका इतक्या लहानपणापासून शिकलेलो असतो की मोठेपणी कुणी "पाणी का पीत नाहीस" विचारलं तर "लक्षातच राहत नाही" असं उत्तर देतो, आणि आपल्यालाही तेच खरं वाटायला लागतं.

मग दर उन्हाळ्यात उन्हाळी लागायची, जळजळ, पोटात दुखणं, पुढे युरीन इन्फेक्शन, अँटिबायोटिकचा कोर्स, थोडे दिवस बरं की परत तेच. सब्जा झाला, धण्याचं पाणी झालं. शेवटी ज्या डॉक्टर मॅडमकडे गेले त्यांनी पाणी किती पिता हे विचारलंच, पण लगेच पुढे विचारलं, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत बाथरूमला कुठे कुठे जाता येतं तुम्हाला? हा प्रश्न मला तोपर्यंत कुणीच विचारला नव्हता. मला तिथे एकदम भरूनच आलं.

त्यानंतर मी बरंच वाचलं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, सारखं इन्फेक्शन होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरच्या आत पाणी पिणाऱ्या १४० बायका घेतल्या, त्यातल्या निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं, आणि वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला तर बाकीच्यांना ३.२ वेळा. म्हणजे जवळजवळ निम्म्याने कमी, तेही नुसत्या पाण्याने! आणि आठ ग्लासचा नियम सगळ्यांनाच लागू होतो असंही नाही, युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये बायकांसाठी दिवसाला २ लिटर सांगितलंय पण त्यात ताक, आमटी, फळं, चहा सगळ्यातलं पाणी धरलेलं आहे, अर्थात आपल्याकडच्या एप्रिल-मे मध्ये घाम इतका जातो की त्याहून जास्त लागणारच. (आमच्या सासऱ्यांना मात्र हार्टमुळे डॉक्टरांनी पाणी मोजूनच द्यायला सांगितलंय, त्यामुळे घरात सगळ्यांना एकच माप मी लावत नाही.)

मग मी पाण्याचं टाइमटेबल न करता बाथरूमचं केलं. उठल्या उठल्या मोठा पेलाभर, निघायच्या आधी जाऊन यायचं, गाडीत फक्त घोट घोट. ऑफिसला पोचलं की पहिलं बाथरूम आणि मग लगेच अर्धी बाटली. दुपारभर मनसोक्त, संध्याकाळी निघायच्या तासभर आधीपासून कमी. पर्समध्ये सुट्टे पैसे वेगळे ठेवते, स्टेशनवरच्या पैसेवाल्या टॉयलेटसाठी. ऑफिसमध्ये लेडीजची कडी तुटलेली होती, ती आम्ही तिघींनी मागे लागून बसवून घेतली, आणि खरं सांगते, त्या कडीने जेवढं पाणी माझ्या पोटात गेलं तेवढं कुठल्या अ‍ॅपने गेलं नसतं.

हे मागणं काही नवीन नाहीये. मुंबईत २०११ पासून राइट टू पी (म्हणजे लघवीला जाण्याचा हक्क) म्हणून बायकांनी चळवळ चालवलीये, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे का, हा त्यांचा साधा प्रश्न होता. पुण्यात मिळून साऱ्याजणी मासिकाच्या लोकांनी हायकोर्टात याचिका केली होती आणि २०१५ मध्ये कोर्टाने महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट द्यायला सांगितलं. हे वाचून मला फार बळ आलं, कारण तोपर्यंत वाटायचं की हा बोलायचा विषयच नाही.

आता डोक्यात लेकीचं चाललंय. तिची बाटली शाळेतून रोज जशीच्या तशी भरलेली परत येते. आधी मी ओरडणार होते, मग डॉक्टर मॅडमसारखंच विचारलं, तर म्हणाली मम्मी, तिकडे नळाला पाणी नसतं, वास येतो, आम्ही कुणीच जात नाही. केरळात २०१९ पासून काही शाळांमध्ये मुलांनी पाणी प्यावं म्हणून वेगळी घंटा वाजवतात, ते मला फार आवडलं होतं, पण नळाला पाणी नसेल तर घंटा वाजवून मुली पिणार कशा? शनिवारी पालकसभा आहे. तिच्या वर्गातल्या अजून दोघींच्या आयांशी फोनवर बोलून झालंय, त्या पण येतायत. आधी मुलींचं बाथरूम आम्हाला दाखवा म्हणणार, आणि नळ कधी चालू होणार त्याची तारीख लेखी मागणार.