फासे थांबेपर्यंत

"काही घडतच नाही अशी हजार-हजार पानांची पुस्तकं, तीही कुठे नसलेल्या राज्यांची, तू वाचतेस तरी कशी?" हे मला इतक्यांनी विचारलंय की हल्ली मी 'आवडतात' म्हणून विषय बदलते. ते खोटं नाही, पण उत्तरही नाही. या वेळी तुम्ही ऐकून घ्यायला थांबलात, म्हणून नीट सांगते.

आधी, कुठे नसलेल्या राज्यांत रमणं म्हणजे पळवाट, या आरोपाचं. मला पळायचंच असतं तर सोप्या वाटा पुष्कळ होत्या. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये जिच्याभोवती सगळी कथा फिरते ती अंगठी नायक फ्रोडोकडे येते आणि त्यानंतर सतरा वर्षं तो घरीच असतो. तेहतिसाव्या वर्षी मिळालेली वस्तू घेऊन तो पन्नाशीत बाहेर पडतो. पुढच्या प्रवासातल्या रात्रींना आकाशात चंद्र केवढा असेल, हे टॉल्किनने तारखांशी ताडून पाहिलं होतं. वाचताना कोणी चंद्र तपासत बसत नाही. पण हे जग नायकासाठी घाईघाईने उभं केलेलं नाही, या जगाकडे कोणी पाहत नसतानाही तिथे रात्र होते, हे आत कुठेतरी पोचतं. मला तिथे राहायला आवडतं. यात लपवण्यासारखं काय आहे?

आणि 'काही घडत नाही' याबद्दल. रॉबर्ट जॉर्डनच्या 'द व्हील ऑफ टाइम' या कादंबरीमालिकेतला मॅट घ्या. चौदा खंड, १९९० ते २०१३. मॅट जुगारी. त्याच्या डोक्यात अधूनमधून फासे खुळखुळू लागतात. काहीतरी निर्णायक येऊ घातलंय एवढंच त्याला समजतं, काय ते समजत नाही. फासे थांबले की ती गोष्ट घडलेली असते. सुरुवातीला ही लेखकाची एक युक्ती वाटते. पण खंडामागून खंड जातात आणि तो खुळखुळाट आपल्याही कानात बसतो. मग एखाद्या साध्या बोलण्याच्या मधोमध फासे थांबतात आणि मी पान तसंच धरून बसते. 'फासे थांबले' या दोन शब्दांत स्वतःचं असं काही नाही. मागची हजारो पानं त्यांच्यामागे उभी असतात, म्हणून ते भिडतात. ही पानं गाळून तेच मिळेल असा रस्ता मला अजून सापडलेला नाही.

मॅट दादाचा लाडका. आम्ही ही मालिका एकाच प्रतीतून वाचायचो. पुस्तकात दोन खुणा असायच्या, त्याची पुढे, माझी मागे. पुढे असलेल्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम. कधी त्याचा चेहरा पाहूनच मला कळायचं की पुढे काहीतरी भयंकर आहे, आणि मी रात्रभर जागून त्याच्या खुणेपर्यंत पोचायचे.

दहावा खंड २००३ साली आला. नवव्याच्या शेवटी फार मोठी गोष्ट घडते, आणि ती घडत असताना बाकीची मंडळी काय करत होती हेच दहाव्यात बराच वेळ चालतं. दादा म्हणाला, "हा पाल्हाळ आहे." मी म्हणाले, तुला धीर नाही. त्या वेळची मी असंच बोलायची. संथ म्हणजे खोल, आणि कंटाळा आला तर दोष वाचणाऱ्याचा. मध्यंतरी तो खंड पुन्हा वाचला. पाल्हाळच आहे. दादाचं बरोबर होतं, आणि हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

सप्टेंबर २००७ मध्ये जॉर्डन गेले. नोकरी लागल्यापासून दादाचं वाचन रेंगाळलं होतं, तो अकराव्याच्या मध्यावर होता. त्याने पुस्तक मिटलं. "शेवट नसलेल्या गोष्टीला इतकी वर्षं दिली आपण." मी त्याला पुन्हापुन्हा सांगितलं की टिपणं आहेत, शेवटचा भाग त्यांनी स्वतः लिहून ठेवलाय, कोणीतरी पूर्ण करेल. त्याने मान हलवली. मग मी म्हणाले, "तुला हे कधी कळलंच नाही. पुढे काय होतं एवढ्यापुरतंच तू वाचत होतास." तो काही बोलला नाही.

ब्रँडन सँडरसन या दुसऱ्या लेखकाने उरलेली गोष्ट तीन खंडांत पूर्ण केली. शेवटचा जानेवारी २०१३ मध्ये आला. तो संपवून दोन दिवस झाले असतील, दादाचा भलत्याच कामासाठी फोन आला. काम झाल्यावर तो जरा घुटमळला. "संपलं म्हणे ते. मॅटचं काय झालं शेवटी?"

मी 'वाच' म्हणू शकले असते. त्याला ते ऐकायचं होतं, असं मला आज वाटतं. पण पाच वर्षांचा राग तसाच होता. तुला फक्त पुढचं हवं असायचं ना, मग घे. त्याने मॅटचं विचारलं होतं, मी सगळ्यांचं सांगितलं. कोण मेलं, कोण उरलं, शेवटच्या लढाईत काय झालं, शेवटच्या पानावर कोण कुठे निघालं. चार वाक्यं. इथे ती लिहीत नाही.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "एवढंच?"

आणि खरंच एवढंच होतं. ज्या पानांवर मी हुंदके देऊन रडले होते, ती माझ्याच तोंडून बातमीसारखी निघाली. जे तो कमावू शकला असता, ते मी त्याच्या हातात फुकट आणि मेलेलं ठेवलं.

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. पण त्यातही एक गाठ आहे, ती सुटत नाही. नंतर मी सगळे चौदा खंड पुन्हा वाचले. शेवट पाठ असूनही फासे थांबल्यावर मी पूर्वीसारखीच पान धरून बसले. मग शेवट सांगितल्याने दादाचं नेमकं काय गेलं? कदाचित काहीच नाही, आणि मी उगाच अपराध्यासारखी वागतेय. कदाचित दुसऱ्यांदा मला जे मिळालं, तेही पहिल्यांदा शेवट माहीत नसताना वाचल्यामुळेच. दोन्ही बाजूंनी मी स्वतःशी भांडून पाहिलंय.

एकदा त्याला म्हणाले, सुरुवातीपासून घे, शेवट माहीत असला तरी. "बघू," म्हणाला. अकरावा खंड माझ्याकडेच आहे. त्याची खूण मी हलवलेली नाही.