तुम्ही विचारलंत म्हणून: बॉयलरचे बिघाड शोधायला कोणता कोर्स करू?

"बॉयलर बसवता येतो, सर्व्हिसही करतो, पण बंद पडलेला बॉयलर समोर आला की काही सुचत नाही. कोणता कोर्स करू?" घर तापवणाऱ्या गॅस बॉयलरच्या या धंद्यात नवीन आलेली मुलं मला हे सारखं विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

जिथे खरेखुरे, गॅसवर चालणारे बॉयलर मुद्दाम बिघडवून तुमच्या पुढ्यात ठेवतात आणि उत्तर कोणी सांगत नाही, तो कोर्स घ्या.

मी केलेल्या कोर्समध्ये पहिल्याच दुपारी ट्रेनरनी आम्हाला एका बॉयलरपुढे उभं केलं आणि सांगितलं, वीस मिनिटं स्क्रूड्रायव्हरला हात लावायचा नाही. फक्त बघायचं, ऐकायचं आणि लिहायचं. आम्ही लिहीत गेलो. थर्मोस्टॅटची मागणी आली, पंप फिरला, फॅनचा आवाज चढला, टिक-टिक करत ठिणगी पडू लागली, गॅस व्हॉल्व्ह खट् करून उघडला, काचेतून निळी ज्योत दिसली. काही सेकंदांत ज्योत गेली. असं तीनदा झालं आणि बॉयलर लॉक झाला. एरर कोड होता 'ज्योत नाही'. पण ज्योत तर आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती!

दोघांनी लगेच सर्किट बोर्ड बदलायचं सुचवलं. ट्रेनर म्हणाले, "ज्योत आहे हे तुम्हाला कळलं. बोर्डाला कसं कळतं, ते आधी सांगा." ज्योतीतून अगदी बारीक विद्युत प्रवाह वाहतो, काही मायक्रोअँपिअर एवढाच, आणि तो मिळाला तरच बोर्ड गॅस चालू ठेवतो. ज्योत ओळखणाऱ्या इलेक्ट्रोडच्या वायरमध्ये मल्टिमीटर सीरिजमध्ये जोडला, तर काटा जवळजवळ शून्यावर. इलेक्ट्रोड बाहेर काढून टॉर्चखाली फिरवला तेव्हा त्याच्या सिरॅमिकवर केसाएवढा तडा दिसला. प्रवाह बोर्डापर्यंत पोचण्याआधी तिथूनच बॉडीत उतरत होता. नवा इलेक्ट्रोड, नवं गॅस्केट, आणि बॉयलर चालू. बोर्ड ठणठणीत होता.

पंप, फॅन, ठिणगी, गॅस, ज्योत हा क्रम कुठे तुटला ते कोड सांगतो. कोणता पार्ट गेला हे कोड सांगत नाही. 'ज्योत नाही' हाच कोड गॅसचा दाब कमी असेल तर येतो, अर्थिंग ढिलं असेल तर येतो, काही बॉयलरमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले तरी येतो, आणि कंडेन्सेटचा (धुरातल्या वाफेचं पाणी बाहेर नेणारा) पाइप थंडीत गोठून पाणी आत तुंबलं तरी येऊ शकतो. म्हणून कोडची यादी पाठ करून घेणाऱ्या कोर्सवर पैसे घालवू नका. ती यादी मॅन्युअलमध्ये छापलेलीच असते.

फी भरण्याआधी सेंटरला फोन करून सरळ विचारा. चालू बॉयलर किती, आणि एका बॉयलरमागे शिकणारे किती? चार-पाच जण एकाला चिकटले असतील तर मीटर तुमच्या हातात येणारच नाही. वायरिंग डायग्राम वाचायला शिकवतात का? हे मी सगळ्यात महत्त्वाचं धरतो, कारण डायग्राम वाचता येणाऱ्याला अनोळखी बॉयलरची भीती वाटत नाही. ट्रेनर अजून स्वतः दुरुस्तीला जातात का, हेही विचारा. पाण्याच्या बाजूचे बिघाडही शिकवायला हवेत. प्रेशर रोज उतरतं म्हणून लोक गळती शोधत फिरतात, आणि पुष्कळदा एक्स्पान्शन व्हेसलमधली (फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली) हवा गेलेली असते. मग पाणी तापून फुगलं की दाब 3 बारपर्यंत चढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडतो. घरात कुठेही ओल नाही, आणि पाणी मात्र बाहेरच्या पाइपातून जात राहतं.

आणखी एक गोष्ट तपासाच. दुरुस्तीनंतर धुराची तपासणी अॅनालायझरने करून घेतात का? धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. चालू करून दिलेला बॉयलर रात्रभर कोणाच्या तरी घरात जळणार असतो. हे शिकवायला वेळ नाही म्हणणाऱ्या सेंटरमध्ये मी कोणालाच पाठवत नाही.

परवान्याबद्दल पुष्कळांचा गैरसमज होतो. बिघाड शोधण्याच्या कोर्सचं सर्टिफिकेट म्हणजे गॅसवर काम करायची परवानगी नव्हे. ब्रिटनमध्ये त्यासाठी गॅस सेफ रजिस्टर या अधिकृत नोंदवहीत नाव लागतं (2009 पूर्वी हे काम कॉर्गी या संस्थेकडे होतं), आणि एसीएस ही गॅसच्या कामाची परीक्षा दर 5 वर्षांनी पुन्हा द्यावी लागते. तुम्ही जिथे काम करणार तिथला नियम आधी बघा. परवाना नसेल तर पहिला खर्च त्यावर करा आणि हा कोर्स मागाहून.

कंपन्यांचे स्वतःचे कोर्स चांगले असतात, पण क्रम डोक्यात पक्का बसल्यावर. आधी गेलात तर एकाच मॉडेलची कव्हरं उघडायला शिकाल. सहा महिने कामावर घासून जा, आणि जाताना न सुटलेले दोन-तीन बिघाड वहीत लिहून न्या. कंपनीच्या ट्रेनरला दुपारच्या सुट्टीत गाठून तेच विचारा.