तुम्ही विचारलंत म्हणून: पासवर्ड बरोबर, तरी २०३५ का?

"युजर बरोबर, पासवर्ड दहा वेळा तपासला, चॅनेलचं नावही तेच. तरी जावा प्रोग्रॅम आयबीएम एमक्यूला जोडायला गेला की २०३५. असं का?"

आयबीएम एमक्यू हे प्रोग्रॅमांमध्ये मेसेज पोचवणारं सॉफ्टवेअर, आणि चॅनेल म्हणजे प्रोग्रॅमने त्याला जोडायची नाव दिलेली वाट. त्यातला २०३५ हा एरर कोड म्हणजे 'नॉट ऑथराइज्ड', परवानगी नाही. ती कुणी नाकारली आणि का, हे तो आकडा सांगत नाही, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. दारावर आलेल्या अनोळखी माणसाला "नाव बरोबर आहे, फक्त पासवर्ड चुकला" असं सांगणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यासारखंच. त्यामुळे जावाच्या बाजूला कितीही लॉग वाढवलेत तरी खरं कारण तिथे सापडणार नाही. ते क्यू मॅनेजरच्या, म्हणजे सर्व्हरवर मेसेजच्या रांगा (क्यू) सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, लॉगमध्ये असतं. लिनक्सवर व्हार/एमक्यूएम/क्यूएमजीआरएस या फोल्डरात तुमच्या क्यू मॅनेजरच्या नावाचं फोल्डर, त्यात एरर्स, त्यात एएमक्यूईआरआर०१.लॉग. सर्व्हर दुसऱ्या टीमकडे असेल तर "कनेक्ट होत नाहीये" असा मेल टाकू नका. मिनिटासकट वेळ द्या आणि त्या वेळच्या नोंदी मागा.

पण त्याआधी चूक २०३५ चीच आहे ना, हे बघा. जेएमएस (जावाची मेसेजिंगची पद्धत) एक्सेप्शनची सगळ्यात वरची ओळ बहुतेक वेळा जेएमएसडब्ल्यूएमक्यू००१८ असते, म्हणजे नुसतं 'क्यू मॅनेजरला जोडता आलं नाही'. खरा रीझन कोड खाली 'कॉज्ड बाय'मध्ये दडलेला असतो. जुन्या कोडमध्ये मूळ कारण देणारं गेट-लिंक्ड-एक्सेप्शन छापलेलंच नसतं, मग लोक आठवडाभर वरच्या ओळीकडे बघत बसतात.

आकडा हातात आला की प्रोग्रॅम कुठपर्यंत पोचला ते कळतं. २४९५ आला, किंवा एमक्यूजेबीएनडी लायब्ररी मिळत नाही अशी तक्रार आली, तर तो नेटवर्कवर गेलेलाच नाही. ट्रान्स्पोर्ट टाइप क्लायंट करायचा राहिला, आणि मूळ सेटिंग बाइंडिंग्ज असल्यामुळे तो त्याच मशीनवर क्यू मॅनेजर शोधतोय. २५३८ म्हणजे होस्टपर्यंत पोचता आलं नाही. जावा बाजूला ठेवा आणि जिथे प्रोग्रॅम चालतो त्याच मशीनवरून, तुमच्या लॅपटॉपवरून नव्हे, १४१४ पोर्टवर एनसी (पोर्टपर्यंत पोचता येतं का बघणारी कमांड) मारून बघा. लगेच 'रिफ्यूज्ड' आलं तर मशीन आहे, लिस्नर (पोर्टवर जोडण्या स्वीकारणारा प्रोग्रॅम) बंद आहे. बराच वेळ काहीच न होता टाइमआउट झाला तर मध्ये फायरवॉल आहे. प्रोग्रॅम डॉकरमध्ये असेल आणि होस्ट 'लोकलहोस्ट' दिला असेल तर तो लोकलहोस्ट म्हणजे कंटेनर स्वतःच.

२५४० म्हणजे त्या नावाचं चॅनेल नाही. इथे गंमत अशी की रनएमक्यूएससी या ॲडमिनच्या कमांड टूलमध्ये नाव अवतरणचिन्हांत नसेल तर ते आपोआप कॅपिटल होतं. ॲडमिनने स्मॉल लिपीत टाइप केलेलं चॅनेल प्रत्यक्षात कॅपिटलमध्ये बनतं, आणि जावाला तर केसमधला फरक अगदी काटेकोर लागतो. २०५८ आला तर क्यू मॅनेजरचं नाव चुकलं, २०८५ आला तर क्यूचं.

म्हणजे २०३५ दिसला तर खरं तर बरंच अंतर कापून झालेलं असतं. नेटवर्क ठीक, लिस्नर ठीक, अडलंय ते परवानगीपाशी. आता लॉगमध्ये कोणता नंबर आहे ते बघा.

एएमक्यू९७७६ किंवा ९७७७ असेल तर चॅनेल ऑथेंटिकेशनच्या नियमाने अडवलंय. ७.१ आवृत्तीपासून नव्या क्यू मॅनेजरवर हे नियम चालूच असतात. ॲडमिन गटातल्या युजरला बाहेरून प्रवेश नाही, आणि 'सिस्टिम'ने सुरू होणारी चॅनेल्स जवळपास सगळी बंद. जुनं उदाहरण बघून सिस्टिम.डेफ.एसव्हीआरकॉन वापरणारे इथे अडकतात. नियम पाठ करायची गरज नाही. हे नियम दाखवणाऱ्या डिस्प्ले सीएचएलऑथ कमांडला चॅनेलचं नाव, मॅच म्हणून रनचेक, क्लायंट युजर आणि आयपी द्या. त्या जोडणीला नेमका कोणता नियम लागेल तो समोर येतो. ही सोय असूनही लोक सरळ सीएचएलऑथ डिसेबल करतात, नाहीतर चॅनेलच्या एमसीएयुजरमध्ये (जोडणी कोणत्या युजरच्या नावाने चालेल ते सेटिंग) 'एमक्यूएम' हा ॲडमिन युजर घालतात. दुसरा उपाय तर भयंकर: त्या चॅनेलवर एमसीएयुजर बदलणारा किंवा ॲडमिन युजरला अडवणारा दुसरा नियम नसेल, तर तिथे येणारा जो तो ॲडमिन होतो.

५५३४ असेल तर पासवर्ड खरोखरच चुकला, किंवा सर्व्हरवर तो युजरच नाही. ५५४० म्हणजे पासवर्ड मागितला होता, तुम्ही पाठवलाच नाही.

आणि ८०७७. "पासवर्ड बरोबर आहे हो" म्हणणाऱ्यांचं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं. ओळख पटली, पण त्या नावाला अधिकार नाहीत. त्या नोंदीत नाव कुणाचं आहे ते नीट वाचा. तुम्ही पाठवलंत 'पेमेंटॲप' आणि नोंदीत 'रूट' दिसतंय? मग ॲडॉप्टसीटीएक्स हे सेटिंग 'नो' आहे, जुन्या आवृत्तीतून वर आणलेल्या क्यू मॅनेजरवर ते तसंच राहून जातं. अशा वेळी पासवर्ड तुमच्या युजरचा तपासला जातो आणि अधिकार मात्र जावा प्रोसेस ज्या युजरखाली चालते त्याचे. कंटेनरमध्ये तो अनेकदा रूट. म्हणून लॅपटॉपवर चालणारा प्रोग्रॅम डॉकरमध्ये गेला की अडतो, एक अक्षर न बदलता. ॲडॉप्टसीटीएक्स 'येस' करा आणि रिफ्रेश सिक्युरिटी चालवा, नाहीतर बदल लागू होणार नाही.

नोंदीतलं नाव तुमचंच असेल तर सेटएमक्यूऑट कमांडने युजरच्या गटाला अधिकार द्या. क्यू मॅनेजरवर कनेक्ट आणि इन्क (माहिती विचारण्याची परवानगी), क्यूवर पुट, गेट, ब्राउझ आणि इन्क. इन्क विसरलात तर जोडणी होते आणि क्यू उघडताना पुन्हा तोच २०३५, त्यामुळे आधीचा उपाय फसला असं वाटतं. नोंदीत ऑब्जेक्ट आणि हवी असलेली परवानगी दोन्ही लिहिलेली असतात.

हे सगळं जमल्यावर आठवड्याभरात जे विचारलं जातं तेही इथेच सांगतो: "दिवसभर चालतं, रात्री शांत असलं की सकाळच्या पहिल्या मेसेजला २००९." म्हणजे जोडणी मध्येच तुटली. बहुतेक वेळा रिकामी जोडणी लोड बॅलन्सरने किंवा फायरवॉलने गुपचूप कापलेली असते. चॅनेलचा हार्टबीट (जोडणी जिवंत आहे का हे तपासणारा सिग्नल) मुळात ३०० सेकंदांचा, आणि अझ्युअरच्या लोड बॅलन्सरचा आयडल टाइमआउट मुळात ४ मिनिटांचा. २४० सेकंदांनी दोरी कापली जाते आणि हार्टबीट त्यानंतर निघतो. एचबीआयएनटी (हार्टबीटमधलं अंतर) कमी करा, पण दोन्ही टोकांना. वाटाघाटीत मोठा आकडा टिकतो, त्यामुळे नुसत्या सर्व्हरवर ६० करून काही होत नाही. क्लायंटकडचा आकडा सीसीडीटी (क्लायंटच्या चॅनेलची माहिती असलेल्या) फाइलमधून द्यावा लागतो. तेवढा वेळ नसेल तर लोड बॅलन्सरचा टाइमआउट वाढवून घ्या.